आजीची खोली

तेआरिकीने आइतुताकी बेटावरचं राहतं घर पर्यटकांना भाड्याने द्यायला काढलं आणि समोरच्या खोलीला ‘आजीची खोली’ असं नाव दिलं. शोभेला आईचं शिवणयंत्र मांडलं, तिची चर्चला जायची टोपी खुंटीला अडकवली. खरी आजी, म्हणजे त्याची आई तेपाएरू, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपायची आणि पाहुण्यांच्या चादरी धुवायची. तेही तिने मुकाट गिळलं. पण आज ती झाडू घेऊन आत गेली, तर पलंगामागच्या भिंतीवर तिची लाल जास्वंदीची गोधडी खिळे ठोकून ताणलेली! गावातल्या बायकांनी तिच्यासोबत बसून शिवलेली ती गोधडी तिने पेटीत जपली होती. इथल्या रीतीप्रमाणे मेल्यावर तिला याच गोधडीत गुंडाळून पुरायचं होतं.

“मेल्या, माझं कफन भिंतीला ठोकलंस?”

“आई, उगाच डोक्यात राख घालू नकोस. पाहुणे तिच्यासमोर हौसेने फोटो काढतात. वेळ आली की देईन ना काढून!”

तेपाएरूने गोधडीला पडलेल्या भोकावरून बोट फिरवलं.

“मग बुकिंग नसेल तो दिवस सांगून ठेव,” ती म्हणाली. “त्याच दिवशी मरते.”