बिसेनकाकांचा रस्ता

बिसेनकाकांच्या सोबतीने सायकलवर निघायचं म्हणजे वेळेवर पोचायची आशा सोडायची. धान निघालं की आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावकडचे शेतकरी ते डांबरी रस्त्यावर वाळत घालतात आणि गाड्या त्यावरून जाऊ नयेत म्हणून कडेने दगड मांडतात. संध्याकाळी धान पोत्यांत भरून घरी जातं, दगड मात्र रस्त्यावरच राहतात. काका अशा प्रत्येक दगडापाशी उतरत, सायकल कमरेला टेकवून दगड उचलत, शेजारच्या शेताच्या बांधीच्या कडेला ठेवत आणि एक सणसणीत शिवी हासडून पुन्हा सायकलवर बसत. शिवी मालकाला, दगडाला नाही, हे मला मुद्दाम सांगत.

काका माझ्या वाटेवरच्या मधल्या गावात राहायचे आणि पुढच्या एका राईस मिलवर चौकीदार होते. माझी शाळा मिलच्याही पुढे. बस पोचायची ती प्रार्थना संपल्यावर, आणि स्कूटी शिकायची मला धास्ती. म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर मी पुन्हा सायकल घेतली. मास्तरीण सायकलवर येते याचं रस्त्यावरच्या गावांना कौतुक कमी आणि करमणूक जास्त होती. पहिल्याच आठवड्यात अशाच एका दगडाने मला आडवं केलं. काका मागून येत होते. त्यांनी आधी माझी सायकल उचलली, उतरलेली चेन बसवली, हँडल सरळ केलं आणि मग माझ्याकडे वळले.

"म्याडम, दगड दिसला नव्हता का?"

दिसला होता, मी म्हटलं. त्याच्याकडेच तर बघत होते.

"म्हणून तं पडल्या. दगडाकडं पाहाचं नाई, वाटेकडं पाहाचं. जिकडं डोळे, तिकडं चाक."

त्या दिवसापासून ते रोज सकाळी आपल्या गल्लीच्या तोंडाशी माझी वाट बघत उभे राहू लागले. नेहमी माझ्या उजवीकडून, ट्रकच्या बाजूने चालवायचे. महिनाभरात म्याडमची बाई झाली आणि तुमीची तू. ओढणी कमरेला बांध. मागच्या चाकात हवा जरा जास्त ठेव. ट्रकचा आवाज आला तर वळून पाहू नको, मान वळली की हँडल वळते. चढावावर बोलू नको, दम पुरत नाही. हे शेवटचं ते चढावावरच सांगायचे आणि माथ्यापर्यंत सांगतच राहायचे. घंटीचा मात्र त्यांना भारी तिटकारा. त्यांच्या सायकलला घंटी नव्हतीच, आणि माझी वाजली की म्हणायचे, "कायले वाजवून राहिली? रोड काय आपल्या बापाचा होय?"

मग एका हिवाळ्यात काका माझ्या डावीकडून चालवू लागले. मी फारसं मनावर घेतलं नाही. पण एका सकाळी त्यांच्याकडून एक दगड सुटला. चाक त्याला घासून गेलं, काका कसेबसे सावरले आणि तसेच पुढे निघाले. ना उतरले, ना शिवी दिली. तेव्हा मी विचारलं, काका, काय झालं?

मिलच्या फाटकाशी त्यांनी सांगितलं. काचबिंदू. उजवा डोळा गेल्यातच जमा होता, डावाही त्याच वाटेवर होता, आणि गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. घरी कोणालाच माहीत नव्हतं. पोरांना कळलं की सायकल बंद, आणि सायकल बंद झाली की माणूस खाटेला लागतो, असा काकांचा हिशोब. मी म्हटलं, घरी तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. काका बराच वेळ सीटवरची धूळ पुसत राहिले. तिथे धूळ नव्हती.

"सांगतो. उद्याच्या दिवस येऊ दे मले," ते म्हणाले. "तू पुढं राह्य बाई, आन घंटी वाजवत राह्य."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीपासून मिलपर्यंत मी घंटी वाजवत गेले. रस्त्यातली माणसं मला खुळी समजून बघत होती. मागून काका येत होते, घंटीच्या आवाजामागे, एक शब्द न बोलता, अगदी चढावावरसुद्धा. संध्याकाळी सायकल हातात धरून ते चालत घरी गेले आणि पोरांना सगळं सांगितलं.

त्यानंतर रोज सकाळी मी गल्लीपाशी घंटी वाजवायची आणि काका ओसरीतून हात वर करायचे. पुढच्या हंगामात रस्त्यावर पुन्हा दगड आले. पण काकांच्या गल्लीपासून नाल्याच्या पुलापर्यंत एकही नसायचा. काकांच्या शिव्या लागू पडल्या म्हणायच्या, असं मला वाटलं. एकदा परीक्षेसाठी लवकर निघाले, तर धुक्यात काका दिसले. अनवाणी, हातात काठी, पायाने रस्त्याची कड चाचपत चाललेले. पायाला दगड लागला की वाकून उचलायचे आणि बाजूला ठेवायचे. मी घाबरून खूप बोलले त्यांना. दिसत नाही, ट्रक येतात, कोणी सांगितलंय हे?

"डोळ्याले नाई दिसत. पायाले तं दिसते ना," काका म्हणाले. "पुढचे दगड तू पाह्यजो. इथचे माहे."

काका यंदा पावसाळ्यात गेले. मी मातीला गेले, तेरवीला जेवले, तरी ते गेल्याचं मनाला पटत नव्हतं. गल्लीपाशी हात आपोआप घंटीवर जायचा. मग धान निघालं. एका सकाळी गल्लीसमोर आले, तर तिथून पुलापर्यंत रस्त्यावर दगडच दगड. काका नाहीत हे मला तिथे कळलं. मी उतरले, सायकल कमरेला टेकवली आणि भर रस्त्यात रडले.

मग एकेक दगड उचलून बांधीच्या कडेला ठेवला. आजूबाजूला कोणी नाही हे बघून काकांची ती शिवीही दिली, मालकाला. शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपली होती.