मागची बाजू वाचणारी शेजारीण

आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने उभ्या आयुष्यात एकही बाटली उलटी केल्याशिवाय विकत घेतलेली नाही, हे मी कुठल्याही न्यायालयात शपथेवर सांगायला तयार आहे. शाम्पू असो, साबण असो, ओठांना लावायची एवढीशी डबी असो. ती वस्तू हातात घेते, पुढच्या बाजूकडे ढुंकूनही बघत नाही, चष्मा कपाळावरून नाकावर आणते आणि मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांतली घटकांची यादी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचते. तिच्या बाथरूममधल्या फळीवर सगळ्या बाटल्या आपल्याकडे पाठ करून उभ्या असतात. कंपन्यांची नावं तिला माहीतच नसतात. "ती नाही का, जिच्यात पाण्यानंतर लगेच कोरफड येते," अशी तिची बाटलीची ओळख सांगायची पद्धत. फ्रँकफर्टमध्ये आमच्या गल्लीच्या टोकाला जे दुकान आहे, तिथल्या मुली तिला दारात पाहिलं की लगबगीने मागच्या गोदामात काहीतरी आणायला जातात.

ती जन्माने फ्रँकफर्टचीच. आईवडील घानाहून आलेले. रंग गडद काळा, तुकतुकीत. केस इतके दाट आणि बारीक कुरळे की ओले असताना ओढले तर खांद्याखाली येतात आणि सोडले की पुन्हा कानाशी जाऊन बसतात. अशा केसांना आणि अशा कातडीला काय लावावं, हे सांगणारं तिच्या लहानपणी इथे फारसं कुणी नव्हतं, म्हणून ते शास्त्र तिने एकटीने उभं केलं आणि आता ओळखीतल्या सगळ्या काळ्या बायका दुकानातूनच तिला बाटल्यांच्या पाठींचे फोटो पाठवतात. दैवाची गंमत अशी, की नोकरी मिळाली ती विमानतळावर, प्रवाशांच्या हातातलं सामान तपासण्याची. म्हणजे दिवसभर लोकांच्या क्रीमच्या बाटल्या काढून घ्यायच्या आणि टाकून द्यायच्या. वाईट बाटली टाकताना तिला काही वाटत नाही, उलट समाजसेवा केल्यासारखं वाटतं. पण एकदा एका आजीबाईंच्या पिशवीत शिया बटरचा अर्धा किलोचा डबा निघाला. शिया म्हणजे आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बियांचं लोण्यासारखं घट्ट तेल. तिने डबा उलटा केला, मागे एकच शब्द होता, शिया, आणि तिचा जीव कासावीस झाला. ती आजीबाईंना म्हणाली, "डबा आत जाणार नाही. पण तुमच्या अंगावर काय आहे ते तपासायचं काम माझ्याकडे नाही." मग आजीबाई, त्यांच्या दोन लेकी आणि टक्कल पडलेले जावई असे चौघं रांग अडवून कोपरापर्यंत, मानेपर्यंत आणि टकलावर शिया चोळत उभे राहिले. साहेबांनी तिला त्या दिवशी केबिनमध्ये बोलावून घेतलं. ती अजूनही म्हणते, की चूक झाली ती एवढीच, की डबा पूर्ण रिकामा झाला नाही.

माझी आणि तिची ओळख झाली ती इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, कपडे धुण्याच्या सामायिक खोलीत. माझा इथला पहिला हिवाळा होता. हातापायांवर पांढरे पापुद्रे आले होते आणि ते लपवायला मी लांब बाह्या ओढत होते. तिने मशीनमध्ये कपडे कोंबता कोंबता माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि विचारलं, "काय लावतेस?"

"खोबरेल," मी म्हटलं. "आठवलं तर."

"कधी?"

"वेळ मिळेल तेव्हा."

तिने मशीनचं दार लावलं आणि त्याच संध्याकाळी ती आमच्या बाथरूमची तपासणी करायला वर आली. माझ्या सहा बाटल्यांपैकी चार तिने एका बाजूला काढून ठेवल्या. त्यातल्या दोन बाटल्यांवर मोठ्या हिरव्या अक्षरांत 'नैसर्गिक' लिहिलं होतं, ते मी अभिमानाने दाखवलं. "जंगलातली विषारी अळंबीही नैसर्गिकच असते," ती म्हणाली. "पहिली पाच नावं म्हणजे घरची माणसं. बाकीचे पाहुणे. घरात कोण राहतं ते आधी बघायचं." मग तिने मला स्वयंपाकघरातला टायमर आणायला लावला आणि नियम घालून दिला: अंग अर्धवट पुसायचं, ओलसर असतानाच लावायचं, आणि तेही तीन मिनिटांच्या आत. पुढे कित्येक महिने आमच्या घरात सकाळी अंडी उकडल्यासारखी घंटा वाजायची आणि माझा नवरा दाराबाहेरून विचारायचा, की झालं का उकडून. पण फेब्रुवारीपर्यंत माझे हात लहान मुलाच्या हातांसारखे झाले, हेही खरं.

नवीन वस्तू ती कधीही सरळ वापरत नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला बॉलपेनने चौकोन काढते, त्यात ती वस्तू लावते आणि दोन दिवस वाट पाहते. कधीकधी तिच्या हातावर असे चार चौकोन असतात, क्रमांक घातलेले. मी मोठ्या भक्तिभावाने दिलेल्या शिकेकाईलाही तिने सूट दिली नाही, कोपरानंतर मानेमागची एक बट शिकेकाईने धुतली आणि निकाल दिला, "तुझ्या केसांना चालेल. माझे केस आधीच तहानलेले, त्यांच्यातलं उरलंसुरलंही ही घेऊन जाते." रविवार तर तिचा केस धुण्याचा वार. केसांचे आठ भाग, आठ चिमटे, भरपूर कंडिशनर, रुंद दातांचा कंगवा, आणि तोही टोकाकडून मुळाकडे. याला सहा तास लागतात, तोवर ती दार उघडत नाही, फोन घेत नाही. आमच्या ईराचा पहिला इथला वाढदिवस रविवारी आला, तेव्हा तिने शनिवारी येऊन केक खाल्ला होता, म्हणजे मला तो एक दिवस आधी करावा लागला.

ईरा म्हणजे माझी लेक. तेव्हा नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. रंगाने ती माझ्यावर गेली आहे आणि मी सावळी आहे. आमच्याकडे हा शब्द एकटा कधी येत नाही, मागून 'पण' घेऊनच येतो: सावळी पण तरतरीत, सावळी पण नाकीडोळी नीटस. लहानपणी आईने मला साय-हळद चोळली ती प्रेमानेच, आणि त्या उन्हाळ्यात पुण्याला गेलो तेव्हा ईरालाही तितक्याच प्रेमाने चोळली. खरं सांगायचं तर मला त्यात काही बोलण्यासारखं दिसलंच नाही.

निघताना शेजारणीने एकच गोष्ट मागितली होती: "तुझी आई जे लावते ते आण." आईने हौसेने उटण्याचं मोठं पाकीट घेतलं आणि रिबीन बांधून दिलं. परत आल्यावर मी ते तिच्या दारातच तिच्या हातात ठेवलं आणि जिना चढू लागले. अर्ध्या जिन्यात माझे पाय थांबले. पाकिटाच्या पुढच्या बाजूला काय होतं ते मला तेव्हा आठवलं. एका ओळीत सात बायकांचे चेहरे, डावीकडची काळी, उजवीकडची गोरीपान, आणि वर इंग्रजीत, सात दिवसांत उजळ कांती. आमच्या घरात असली पाकिटं इतकी वर्षं होती, की ती मला दिसायचीच बंद झाली होती. आणि मी ते जगातल्या सगळ्यात बारकाईने वाचणाऱ्या बाईला, रिबीन बांधून, भेट म्हणून दिलं होतं.

तीन दिवस खालून काही आवाज नाही. मी मनातल्या मनात जर्मनमध्ये माफीची वाक्यं जुळवत होते आणि कचरा टाकायलाही नवऱ्याला पाठवत होते. या शहरात माझ्या बाथरूममध्ये हक्काने शिरणारं एवढं एकच माणूस होतं आणि ते मी गमावलं, असं मला वाटत होतं. मला फार लाज वाटत होती.

चौथ्या दिवशी मी ऑफिसमधून आले तर ईरा घरात नव्हती. खाली गेले. शेजारणीचं दार उघडं होतं आणि दोघी स्वयंपाकघरात टेबलापाशी बसल्या होत्या, मध्ये ते पाकीट. ईरा एकेक अक्षर लावत मागची यादी वाचत होती. शेजारणीच्या कोपरावर तीन नंबरचा चौकोन होता, हळदीने पिवळा झालेला. म्हणजे बाई माझ्यावर रागावल्या नव्हत्या. चाचणी चालू होती, आणि मध्ये रविवार आला होता.

"मसूर, चणे, हळद, संत्र्याची साल," शेजारीण मला म्हणाली. "खाज नाही, पुरळ नाही. चांगलं आहे. आईला आभार सांग."

तेवढ्यात ईराने आपल्या या जर्मन मावशीला विचारलं, "टांटे, हे सात दिवस लावलं तर शाळेत बाई मला ओळखतील ना?"

शेजारणीने पाकीट उचललं आणि मी तिला प्रथमच कुठल्याही वस्तूची पुढची बाजू नीट बघताना पाहिलं. सातही चेहरे तिने पाहिले. मग पाकीट पालथं घालून ठेवलं.

"ते पुढच्या बाजूला छापलंय, ईरा. आपण पुढची बाजू वाचत नाही."

"गेनाऊ," ईरा म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर, आणि पुन्हा संत्र्याच्या सालीकडे वळली. तिच्यापुरता विषय संपला.

ईरा वर गेल्यावर मी माफी मागू लागले, तर तिने हातानेच थांबवलं आणि एक स्वच्छ बरणी काढून त्यात उटणं ओतायला घेतलं. ओतता ओतता म्हणाली, की तिची आई तिशीत असताना अशीच एक रंग उजळायची डबी आणायची. पुढे गोरी बाई, हसणारी. काही वर्षांत आईच्या गालांवर निळसर काळे डाग आले, ते आजही आहेत. "मागची बाजू होती गं डबीला. कुणी उलटी केली नाही. मग मी दहा वर्षांची असताना ती डबी औषधांच्या दुकानात नेली आणि म्हटलं, मला हे वाचून दाखवा." तिने बरणीचं झाकण लावलं. "आल्झो, तर हे असं तेव्हापासून." रिकामं पाकीट तिने कागदाच्या डब्यात टाकलं. मी तिचा हात धरून थोडं रडले, आणि तिने रडून झाल्यावर गालांना काय लावायचं तेही सांगितलं.

गेल्या उन्हाळ्यात ती आईला सांभाळायला कार्ल्सरूहेला गेली. जाताना बाटल्या मोजून दोन सुटकेसमध्ये पाठमोऱ्या भरल्या आणि मध्ये कधीतरी खाली नेलेला टायमर मात्र माझाच मला परत दिला.

या दिवाळीला माझी आई आमच्याकडे आली होती. अभ्यंगस्नानाच्या सकाळी तिने बॅगेतून पाकीट काढलं, तेच, सात चेहऱ्यांचं. ईराने ते हातात घेतलं, उलटं केलं आणि वाचू लागली. आई म्हणाली, "अगं, पुढे बघ की काय लिहिलंय."

"आजी, आपण पुढचं वाचत नाही," ईरा म्हणाली. चक्क मराठीत.

आईने चष्मा मागितला, नातीच्या शेजारी बसली आणि विचारलं, "बरं, पहिलं काय आहे?" मला, माझ्या वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कुणीतरी माझ्या तोंडावरची साय पुसून घेतल्यासारखं वाटलं.

हे शेजारणीला सांगायला म्हणून मी सवयीने तशीच एक मजला उतरले आणि बेलवर दुसरं नाव पाहून परत वर आले. फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. मग आठवलं, रविवार आहे. तिकडे आठ चिमटे लागले असतील आणि हल्ली तिच्या आईच्या केसांचेही आठ भाग असतात, म्हणजे संध्याकाळपर्यंत तरी कुणी फोन उचलणार नाही. मी टायमर तीन मिनिटांवर लावला आणि ईराला आंघोळीला पाठवलं.