थांबण्याचा सराव

बायको पंचेचाळिसाव्या वर्षी इंग्रजीची शिक्षिका व्हायला बी.एड. करते आहे. मागच्या सराव पाठावर शेरा आला होता, 'विद्यार्थ्यांना विचार करू देत नाही, उत्तर स्वतःच सांगते.' उद्या शेवटचा पाठ. म्हणून आज घरीच भरवलेल्या तिच्या वर्गात मी एकटाच बसलो. तिनं 'अनहॅपीनेस' लिहिलेली पट्टी समोर धरली.

"याचे तुकडे किती पडतील? आणि घड्याळाकडे नका बघू हं, पट्टीकडे बघा."

मग तिनं ओठ घट्ट मिटले. तेवीस वर्षं आम्ही एकमेकांची वाक्यं पुरी करत आलो. त्यात वेळ वाचतो असंच वाटायचं. गप्प राहायला एवढे कष्ट पडतात, हे आज तिच्या चेहऱ्यावर दिसलं. अन, हॅपी, नेस: तीन हे उत्तर मला चौथ्या सेकंदाला सुचलं होतं. तिला सवय व्हावी म्हणून मी पंधरापर्यंत गप्प राहिलो. तीही राहिली.