पाय पोटाशी

काचेच्या पेटीत आज सकाळी कोळी उताणा पडलेला दिसला. तळहाताएवढा, केसाळ टॅरँट्युला. आमच्या मुलाने, सलीलने, हौसेने आणून पाळलेला. सलील गेला, आणि हा आमच्याकडे राहिला.

"अहो, हाही गेला वाटतं," उषा म्हणाली आणि तिने पेटीत हात घातला. मी तो धरला.

"थांब गं. उताणा पडला म्हणजे कात टाकतोय, हात लावायचा नाही. मेला की तो पाय पोटाशी घेतो. सलीलनेच सांगितलं होतं ना आपल्याला?"

मग आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. दुपारपर्यंत तो हळूहळू जुन्या अंगातून बाहेर आला, फिकट आणि मऊ. शेजारी कात पडली होती, आठही पायांसकट, जणू दुसरा कोळीच.

कुत्रा असता तर सलीलची वाट बघत दाराशी बसला असता. याला माणूस ओळखता येत नाही. नाकतोडा टाकणारा हात बदललाय, हे याच्या गावीही नाही. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. आज मात्र हेवा वाटला. अंगावरचं सगळं असं उतरवून बाजूला ठेवता आलं असतं तर!

उषा मधेच उठून गेली होती. तिला सांगायला आत गेलो. सलीलच्या पलंगावर ती कुशीवर झोपली होती, पाय पोटाशी घेऊन.

मी दारातच थांबलो, आणि तिचा श्वास चालू आहे ना, ते बघत राहिलो.