गार डबी

थोरलीला धाकटीचं कौतुक म्हणून खपत नसे. दोघी सख्ख्या जावा, आणि नोकरीही एकाच ठिकाणी, रुग्णालयाच्या जंतू तपासायच्या खोलीत. म्हणजे घरी सुटका नाही, बाहेरही नाही. घरी सासूबाई म्हणायच्या, "धाकटीच्या हाताला चव आहे." इथे डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "धाकटीच्या हाताला वेग आहे." थोरलीच्या हाताला काय आहे, हे कुणी कधी बोललं नव्हतं.

काम साधंच. थाळीवर रुग्णाचे जंतू पसरायचे आणि त्यावर औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडत असेल तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो. नसेल तर जंतू चकतीला खेटून वाढतात. त्यातली पेनिसिलिनच्या कुळातली औषधं भारी नाजूक, ओल लागली की त्यांचा जोर गेलाच. म्हणून फ्रिजमधली डबी काढली की तिचा गारवा जाईपर्यंत उघडायची नाही. धाकटीला एवढा धीर कुठला! काढली की उघडली. आत दव धरायचं. थोरली रोज शेजारून बघायची आणि मूग गिळून गप्प बसायची. पडू दे एकदा तोंडावर, वेग आहे ना हाताला!

आणि धाकटी पडली. एका तान्ह्या बाळाच्या थाळीवर चकतीभोवतीचा गोल अगदी नावापुरता उमटला.

"म्हणजे चालू औषध कामाचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता ते मूत्रपिंडाला त्रास देणारं द्यावं लागणार."

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. खोटं कशाला बोला, थोरलीला आधी गुदगुल्याच झाल्या. मग तिची नजर नमुन्याच्या नळीवर गेली. बारसंही न झालेलं पोर. चिठ्ठीवर आईचं नाव आणि पुढे नुसतं 'बाळ'.

"बाळाचा ताप उतरतोय का?" तिने विचारलं.

"उतरतोय, तेच कोडं आहे."

"मग औषध उद्यापर्यंत बदलू नका. चकत्यांना ओल लागलीय. नव्या डबीतल्या लावून बघते."

दुसऱ्या दिवशी गोल चांगला ऐसपैस आला.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच धाकटीने सासूबाईंना सांगितलं, "ताईंनी आज एका बाळाचा त्रास वाचवला. चूक माझी होती."

"थोरलीच्या हाताला यश आहे हो," सासूबाई म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून थोरली ज्याची वाट बघत होती, ते हे वाक्य.

स्वयंपाकघरात धाकटी हळूच जवळ आली. "ताई, मी डबी उघडायचे तेव्हा तुम्ही रोज शेजारीच असायचात. आधी का नाही सांगितलंत?"

थोरलीने उगाच गॅस बारीक केला.

"हे मी कुणाला बोलले नाही," धाकटी म्हणाली, "आणि बोलणारही नाही." आणि ती भांडी घासायला वळली.

मेली मनानेही मोठी निघाली. एवढ्याच एका गोष्टीचा हेवा करायचा राहिला होता, तोही थोरलीने त्या रात्री पोटभर केला.