मंगळवारची घंटा

मेव्हिस ग्रिग्सनला रस्ता विचारू नये. ती सांगते, "कॉर्न हॉलवरून डावीकडे, डॉबनी खाटकाच्या समोर." कॉर्न हॉलचं आधी थिएटर झालं, मग गालिच्यांचं दुकान, आणि आता तिथे काचेमागे माणसं जागच्या जागी धावतात. डॉबनीकडे गोंदवून मिळतं. बँकेत कॉफी विकतात. मुलींच्या शाळेचे फ्लॅट झाले, आणि मेव्हिस ज्या वर्गात पाढे शिकली तिथे आता कुणाचंतरी न्हाणीघर आहे. गाव बदललं म्हणून ती हळहळते अशातला भाग नाही. त्या जुन्या इमारती ओल्या नि थंडगार होत्या, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तिला कंटाळा येतो तो नवी नावं पाठ करण्याचा. पाठ होईतो तेही दुकान बंद पडतं.

चौकातला दगडी मंडप मात्र जिथल्या तिथे आहे. ऑल्डरविकमध्ये त्याला बटर क्रॉस म्हणतात. लोणी तिथे शंभर वर्षांत कुणी विकलेलं नाही. मंडपाच्या आढ्याला घंटा आहे. मंगळवारी आठाच्या ठोक्याला ती वाजली की बाजार भरला. वाजवायची ती बाजारातली सगळ्यात जुनी फळी ज्याच्या घराण्याची त्या विक्रेत्याने, तीही उघड्यावर फळी टाकून, माल मांडून झाल्यावर. एक मंगळवार चुकला की बाजाराचा हक्क गेला, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं. कागदावर हे कुठे आहे म्हणाल, तर कुठेच नाही. पण तीनशे वर्षांत एकही मंगळवार चुकला नाही, हे इथली पोरं चालायला लागायच्या आधी शिकतात.

आधी घंटा मेव्हिसची आई वाजवायची. मग मेव्हिस. बावन्न वर्षं झाली. माल म्हणजे बटणं, इलॅस्टिक, दोरे, विणायच्या सुया. एके काळी चौकात चाळीस फळ्या लागत. मासे, चीज, कोंबड्या, शिवाय बाजार उठेपर्यंत ओरडणारा तो पडदेवाला. एकेक करून सगळे गेले. कुणी मेलं, कुणी थकलं, कुणाला गावाबाहेरच्या सुपरमार्केटने गिळलं. गेल्या मार्चपासून एकच फळी उरली आहे, मेव्हिसची. आणि मेव्हिसचा डावा खुबा कामातून गेलेला. फळी उचलताना तिच्या तोंडून जे शब्द निघतात, ते पाद्रीबुवा ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

चौदा महिने वाट पाहिल्यावर ऑपरेशनची तारीख आली. मंगळवार, सकाळी साडेसातला हजर. ही तारीख सोडली की पुन्हा रांगेच्या शेपटाला.

पत्र तीन दिवस चहाच्या डब्याखाली पडून राहिलं. चौथ्या दिवशी ती लंगडत हेमिनकडे गेली. हेमिन हा कुर्दी न्हावी. पूर्वी जिथे खिळे-मोळे मिळायचे त्या दुकानात गेली नऊ वर्षं गावाची डोकी भादरतो.

"मावशी, त्यात काय? मी वाजवतो," तो म्हणाला. "खुर्ची बाहेर काढतो, एकाची दाढी करतो. झाला बाजार."

"दाढी म्हणजे माल नव्हे."

"मग कंगवे मांडतो."

"तू दुकानवाला. बाजारातला नव्हेस."

"नऊ वर्षं तुम्हाला चहा पाजतोय, आणि अजून मी परकाच?"

"माझा नवरा शेजारच्या गावचा होता. त्याला चाळीस वर्षं परका म्हणत होते. तू आपला नंबर लावून ठेव."

राहता राहिला नॉर्मन बॅगशॉ. मासेवाला, वय एकोणऐंशी, धंदा सोडून दहा वर्षं झालेली. आता विजेच्या गाडीवर बसून गावभर फिरतो आणि दर मंगळवारी मेव्हिसच्या फळीपाशी येऊन हवेला शिव्या देतो. त्या मंगळवारीही आला.

"पुढच्या खेपेला तू मांड की," मेव्हिस म्हणाली. "जुना बाजारकरी आहेस."

"काय मांडू? माझं डोकं?"

"डबाबंद मासे मांड."

"डब्यातले मासे! बाप वरून येऊन थोबाडीत देईल माझ्या."

"मग मी जात नाही. कळवून टाकते त्यांना."

नॉर्मनने किल्ली फिरवून गाडी बंद केली. ही गोष्ट त्याच्या बाबतीत इतकी दुर्मिळ, की मेव्हिसने बटणांतून मान वर केली.

"जा तू," तो म्हणाला. "बाजार कधी चुकला नाही वगैरे सगळं झूट आहे. त्रेसष्टच्या हिवाळ्यात खिडक्यांपर्यंत बर्फ होतं. तू मावशीकडे अडकली होतीस. तुझी आई छातीच्या दुखण्याने अंथरुणात. सहा मंगळवार चौकात काळं कुत्रंही आलं नाही. घंटा कोण वाजवणार?"

"आई तर म्हणाली, भर बर्फात गेले."

"म्हणणारच. माझ्याकडून शपथ घेतली होती तिने."

मेव्हिस स्टुलावर बसली. रागाने तिचे कान लाल झाले होते.

"साठ वर्षं तुला माहीत होतं! या कुजक्या खुब्यावर मी पावसापाण्यात उभी राहत होते, आणि तू तोंडात मासा धरून बसलास?"

"तू कधी विचारलंस का? आणि तू घरी बसली असतीस तर माझ्या चड्डीचं इलॅस्टिक कोण देणार होतं?"

तिने बटणांचा डबा त्याच्या दिशेने फेकला. नेम चुकला. मग दोघं बराच वेळ दगडी फरशीवरची बटणं बघत बसली, कारण वाकणं दोघांनाही जमत नव्हतं. शेवटी हेमिनने येऊन ती वेचली.

घंटेची दोरी ती घरी ठेवत असे, टवाळ पोरांनी वाजवू नये म्हणून. सोमवारी संध्याकाळी तिने ती हेमिनच्या हातात दिली.

"म्हणजे मी वाजवू?"

"वाजव, नाहीतर नको वाजवूस. कंगवे मांड, दाढ्या कर. मला विचारायला येऊ नकोस."

"नियमात बसेल का पण?"

"नियम सहा मंगळवार झोपला होता. तो काय तुला अडवतोय?"

सकाळी हॉस्पिटलच्या गाडीने तिला नेलं. गाडी चौकातून गेली. चालकाने विचारलं, इथे बाजार भरतो का? ती म्हणाली, "भरायचा. बघा बाबा, पुढे बघा."

आठ वाजायला पाच मिनिटं असताना तिला चाकांच्या खाटेवर घेतलं. नर्सने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, कुठला खुबा ते विचारलं आणि त्याच्यावर बाण काढला. समोर भिंतीवर घड्याळ होतं. इथून ऑल्डरविक बारा मैल. घंटा वाजली तरी ऐकू यायची नाही. तरी मेव्हिसने कान दिले. बावन्न वर्षांची सवय, दुसरं काय.

आठ वाजले. आठ वाजून एक मिनिट झालं. छत काही कोसळलं नाही, जागेवर होतं.

"भीती वाटतेय का?" नर्सने विचारलं.

"छे गं," मेव्हिस म्हणाली. "दमले आहे."

आणि सुई टोचायच्या आधीच तिचा डोळा लागला.