सुनेच्या ताटाची जोखीम घेणाऱ्या कुसुमताई

डॉ. कुसुमताईंची आणि माझी पहिली भेट भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीकडच्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात झाली. सत्तर सालानंतरची ती वर्षं. नर्स म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. ताई एका गरोदर बाईची नाडी बघता बघता विचारत होत्या, "आज काय खाल्लं?"

"काळा चहा."

"अन् काल राती?"

"पेज."

मला वाटलं, घरी अठराविश्वे दारिद्र्य असणार. ताईंनी माझ्याकडे बघून सांगितलं, "यांच्या घरी धानाच्या कोठ्या भरलेल्या आहेत." मी चाटच पडले.

त्या पोरीचं नाव शेवंता. सातवा महिना लागलेला आणि अंगावर नुसती हाडं. तिचं पहिलं लेकरू इतकं अशक्त जन्मलं होतं, की दूध ओढायचीही ताकद त्याच्यात नव्हती. काही दिवसांतच ते गेलं. हे दुसरंही त्याच वाटेनं चाललंय, असं ताईंना स्पष्ट दिसत होतं.

त्याच दुपारी आम्ही तिच्या घरी गेलो. खोटं कशाला सांगू, मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. तिच्या सासूबाई, भागरथाबाई, ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी तोंड उघडणार तोच ताईंनी मला हातानं थांबवलं आणि त्या त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या. "मायबाई, पोरीले कमी काहून वाढता?"

"उपाशी नाही ठेवत, बाई. वाचवून राहिली तिले," भागरथाबाई म्हणाल्या. "माही पोरगी बाळंतपणाले आली होती. मी हौसेनं खाऊ घातलं. लेकरू मोठं झालं अन् अडलं. पोरगीबी गेली, लेकरूबी गेलं. आता हिचं लेकरू लहानच राहू द्या, पण ही जित्ती राहिली पाहिजे."

मी छळ समजून आले होते, ती माया निघाली. आणि त्याच मायेपायी शेवंताचं पहिलं लेकरू गेलं होतं. पुढं अड्याळपासून लाखांदूरपर्यंत कितीतरी घरांत हीच समजूत भेटली, पण त्या दुपारचा धक्का काही ओसरला नाही.

ताईंनी व्याख्यान दिलं नाही. त्या म्हणाल्या, "अडलं त जबाबदारी माही. कळा लागल्या की बैलबंडी पाठवा, मी येते. वेळ पडली त भंडाऱ्याले नेते. तुम्ही फक्त पोटभर जेवू घाला." मी घाबरलेच. बाळंतपणाची अशी हमी कोणी देतं का? ताईंनी ती दिली, आणि नंतर जेवणाच्या वेळेला मुद्दाम त्या घरी जाऊन शेवंताच्या शेजारी ताट घेऊन बसू लागल्या. वरण, भात, पालेभाजी, कधी अंडं. सासूबाई वाढायच्या, पण ताईंनी सांगितल्याशिवाय दुसऱ्यांदा वाढायच्या नाहीत. पुढं मला दिवस गेले, तेव्हा याच ताईंनी स्वतःच्या डब्यातली भाजी माझ्यापुढं सरकवून मला दटावून खायला लावलं, तेही इथं सांगितलंच पाहिजे.

एका सकाळी आम्हाला न्यायला बंडी आली. भागरथाबाई दिवसभर ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसून होत्या. दुपार कलली तेव्हा मुलगी झाली, चांगली गुटगुटीत, आवाज गल्लीभर जाईल अशी. शेवंता सुखरूप होती. मी बाळ बाहेर नेलं, तर आजीनं हातही पुढं केला नाही. त्या आत गेल्या, सुनेच्या कपाळावर हात ठेवला. मग ताईंकडे वळल्या.

"मंग माह्या पोरीले मी नाही मारलं, बाई?"

"नाही, मायबाई," ताई म्हणाल्या आणि त्यांना कुशीत घेतलं. बाळ अजून माझ्याच हातात होतं. इतकी वर्षं हा प्रश्न ती माउली एकटीच वागवत होती, आणि आम्हा कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

यंदा ताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. ताई, तुम्हाला निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो. आपल्या या गावांत अजून कितीतरी आया आपलीच लेक आपण मारली असं समजून बसल्या आहेत, आणि त्यांच्याजवळ बसून 'नाही' म्हणायला तुम्ही हव्या आहात.